एकोणीस मुलांच्या घरातली काटकसर नेमकी कोण करतं?

‘मोठ्या कुटुंबात दरडोई खर्च कमी येतो.’ ज्युनिअर मंडळींचे संशोधन आराखडे वाचताना हे वाक्य मला हमखास भेटतं. बहुतेक वेळा दुसऱ्याच परिच्छेदात, आणि त्याच्या पुढे एकही प्रश्न नसतो. वाक्य खरं असू शकतं. पण ‘खर्च’ म्हणजे कशाकशाचा, ‘कुटुंबात’ म्हणजे कोणाच्या वाट्याला, आणि ‘कमी येतो’ तो कोणी काय केल्यामुळे, हे तिन्ही प्रश्न त्यानं गिळून टाकलेले असतात. आज हेच वाक्य एका टोकाच्या उदाहरणावर घासून बघू. चार माणसांच्या घरात ज्या गोष्टींकडे दुर्लक्ष केलं तरी चालून जातं, त्या एकवीस माणसांच्या घरात लपत नाहीत, म्हणून टोकाचं उदाहरण.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातलं डगर कुटुंब तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. जिम बॉब आणि मिशेल डगर हे कर्मठ बाप्टिस्ट ख्रिश्चन जोडपं. मुलं किती व्हावीत हे देवावर सोपवायचं, ही त्यांची श्रद्धा. 2004 पासून त्यांच्यावर टीव्हीवर विशेष कार्यक्रम होत होते. 2008 मध्ये टीएलसी वाहिनीवर नियमित मालिका सुरू झाली तेव्हा तिच्या नावात 17 मुलं होती, पुढे नाव बदलत बदलत 19 वर जाऊन थांबलं. 2015 मध्ये थोरल्या मुलाच्या गंभीर गैरवर्तनाची प्रकरणं बाहेर आली आणि मालिका बंद पडली. तोवर डगर हे नाव अमेरिकेत ‘मोठं, धार्मिक, काटकसरी कुटुंब’ याचा जवळजवळ समानार्थी शब्द झालं होतं. मोठ्या कुटुंबांच्या राहणीमानावर कोणी लिहायला घेतलं की हे उदाहरण आपोआप येतं. आपल्याकडच्या आराखड्यांतही मी ते पाहिलंय. म्हणून या मालिकेचं परीक्षण करायचं ते पुरावा म्हणून. करमणूक म्हणून ती कशी आहे, हा आज आपला विषय नाही. (बघायला मजा येते, एवढं सांगून टाकते.)

मालिकेत आणि आईवडिलांच्या नावानं निघालेल्या पुस्तकांत काटकसरीचं चित्र असं आहे. नवं घ्यायचं नाही, वापरलेलं घ्यायचं आणि वाचलेला फरक गाठीला बांधायचा. कर्ज काढायचं नाही. कपडे धुण्याचा साबण घरीच करायचा: साबणाची वडी किसायची, त्यात बोरॅक्स आणि धुण्याचा सोडा घालायचा. जेवायला मोठाल्या ट्रेमधला कॅसरोल, म्हणजे खिमा, डब्यातलं घट्ट सूप आणि वर बटाट्याचे फ्रोझन तुकडे, सगळं एकदम ओव्हनमध्ये. आणि या सगळ्याच्या मुळाशी दोन व्यवस्था. एक ‘बडी’ पद्धत: प्रत्येक मोठ्या मुलाच्या ताब्यात एक धाकटं भावंड, त्याचं आवरणं, जेवण, अभ्यास बघायचा. दुसरी, घरकामाची वाटणी. या कामांना तिथं ‘जुरिस्डिक्शन’ म्हणतात, म्हणजे अधिकारक्षेत्र. भांडी घासणं हे कोणाचं तरी अधिकारक्षेत्र. शब्दाकडे लक्ष ठेवा.

काटकसर मोजायची तर आधी जमेची बाजू बघावी लागते. वडिलांची व्यापारी जागांच्या भाड्याची मिळकत होती, 1999 ते 2003 या काळात ते आर्कान्साच्या विधानसभेत प्रतिनिधीही होते. सुमारे सात हजार चौरस फुटांचं घर कुटुंबानं बरंचसं स्वतःच्या हातांनी बांधलं हे खरं, पण शेवटचं काम आणि आतलं सामान यांत वाहिनी आणि पुरस्कर्त्या कंपन्यांचा हातभार होता. म्हणजे आपल्यासमोर जे आहे ते ‘गरिबीत निभावणारं कुटुंब’ नव्हे. काटकसर दाखवणं हाच ज्याच्या उत्पन्नाचा एक भाग झाला होता, असं हे कुटुंब आहे. साबण किसून वाचलेले पैसे आणि साबण किसताना दाखवून मिळालेले पैसे एकाच वहीत, पण वेगवेगळ्या पानांवर. प्रेक्षकाला पहिलंच पान दिसतं.

आता थोडं गणित. कंटाळू नका, बेरीज-भागाकारच आहे.

वेगवेगळ्या आकाराच्या घरांची तुलना करायला अर्थशास्त्रज्ञ सरळ डोकी मोजून भागत नाहीत. एक छप्पर, एक गॅस, एक दिवा सगळ्यांना पुरतो, म्हणून दुसऱ्या माणसाला पहिल्यापेक्षा कमी खर्च येतो असं धरतात आणि प्रत्येकाला एक भार देतात. ओईसीडीची जुनी पट्टी म्हणते: पहिला प्रौढ 1, पुढचा प्रत्येक प्रौढ 0.7, प्रत्येक मूल 0.5. सुधारित पट्टी म्हणते: 1, मग चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाला 0.5 आणि त्याखालच्या मुलाला 0.3. तिसरी पद्धत तर आणखी सोपी, डोक्यांचं वर्गमूळ काढा. आईवडील आणि चौदाखालची दहा मुलं असं बारा जणांचं घर घ्या. जुन्या पट्टीनं ते 6.7 प्रौढांइतकं, सुधारित पट्टीनं 4.5, वर्गमुळानं 3.46. उत्पन्न तेच, माणसं तीच. फक्त पट्टी बदलली आणि घर जवळजवळ दुप्पट सुखवस्तू झालं. सुधारित पट्टी धरूनच त्यातली पाच मुलं चौदा वर्षांची होऊ द्या, 4.5 चे 5.5 होतात. म्हणजे ‘मोठं कुटुंब स्वस्तात भागवतं’ यातला काही भाग मुळात ‘मुलं अजून लहान आहेत’ एवढाच आहे.

वर्गमुळाची पद्धत डगरांच्या घराला लावली तर ती काय म्हणते बघा. दुसऱ्या माणसाचा भार 0.41 येतो आणि एकविसाव्याचा 0.11. एकविसावं माणूस एका प्रौढाच्या नवव्या हिश्श्यात जगतं! ही पट्टी बनवणाऱ्यांनी एकवीस माणसांचं घर डोळ्यांसमोर ठेवलेलं नव्हतं. दोन ते पाच-सहा माणसांच्या घरांसाठी ती कामचलाऊ आहे, आणि आपण ती ताणून बारा-वीसपर्यंत नेतो. विज्ञान शाखेतून आलेल्यांना हे पटकन कळेल. कॅलिब्रेशनच्या पल्ल्याबाहेर मोजपट्टी वापरली तर मार्गदर्शक वही तोंडावर फेकतील. सामाजिक शास्त्रात तेच केलं तर कोणी काही बोलत नाही.

अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन यांचा 1998 चा एक प्रसिद्ध पेपर आहे, तो या टप्प्यावर जरूर वाचा. तर्क सांगतो की दरडोई एकूण खर्च सारखा असेल तर मोठं घर आतून जास्त सुस्थितीत असणार, कारण छप्पर-दिवा वाटून घेतल्यानं पैसे उरतात. मग ते पैसे, विशेषतः गरीब देशांत, पोटात जायला हवेत. आकडे उलटं सांगतात. घर मोठं होतं तसा अन्नावरचा दरडोई खर्च घटतो, आणि ही घट गरीब देशांत अधिक. या कोड्याला कोणी म्हणतं घाऊक खरेदी, कोणी म्हणतं वाया कमी जातं. पुढच्या काही अभ्यासांनी बोट ठेवलं ते मोजणीवरच. सर्व्हेला उत्तर देणारी व्यक्ती एक, खाणारी तोंडं बारा, आणि कोणी कुठे काय खाल्लं हे त्या एकीला आठवत नाही. जितकं घर मोठं तितकं विसरलेलं जास्त. मला हे स्पष्टीकरण महत्त्वाचं वाटतं, कारण विसरलं जातं ते बहुतेक वरण-भातासारखं रोजचं अन्न नसणार. विसरला जातो खाऊ.

आणि खाऊ ही मोठ्या घरातली सगळ्यात अवघड वस्तू आहे. कॅसरोलचा ट्रे मोठा करता येतो, अंथरुणं दाटीवाटीनं घालता येतात, सदरा थोरल्याकडून धाकट्याकडे जातो. आइस्क्रीमचा कोन मात्र एकाचाच असतो. एकोणीस मुलं म्हणजे एकोणीस कोन. मोठ्या आकाराचा फायदा इथं जवळपास शून्य. मग घरं काय करतात? खाऊ दुर्मीळ करतात. किंवा त्याचं रूप बदलतात, कोनाऐवजी एक केक, पाकिटांऐवजी पातेलंभर लाह्या, म्हणजे वाटता येईल असं काही. किंवा पाळी लावतात, आज याचा वाढदिवस तर आज याच्या आवडीचं. तिन्ही उपाय शहाणपणाचे आहेत. पण तिन्हींत एक गोष्ट नव्यानं जन्माला येते: वाटपाचा नियम. केक कोण कापतं? मोठा तुकडा वयानं मिळतो, मुलगा असल्यानं मिळतो, की जवळ बसल्यानं? वाढणारी कोणत्या पंगतीला बसते? शेवटच्या पंगतीचं ताट कसं असतं, हे ज्यांच्या घरी मोठी कार्यं झाली आहेत त्यांना सांगायला नको.

मोजपट्ट्या इथं मान टाकतात. 4.5 म्हणा की 6.7, पट्टीनं भागल्यावर आलेला आकडा आपण घरातल्या प्रत्येकाला सारखाच चिकटवतो. घराच्या आत समान वाटप होतं हे गृहीतक कुठेही लिहिलेलं नसतं, पण भागाकाराच्या चिन्हातच बसलेलं असतं.

‘पण अशी घरं असतात किती?’ असं तुम्ही म्हणाल. त्यासाठी सॅम्युएल प्रेस्टन यांचा 1976 चा ‘डेमोग्राफी’ नियतकालिकातला लेख. मी त्याचं छोटं रूप करून सांगते. दहा आया घ्या. नऊ जणींना दोन-दोन मुलं, एकीला बारा. आयांना विचारलं तर सरासरी येते 3. आता त्या तीसही मुलांना विचारा, तुम्ही किती भावंडं, स्वतःला धरून? अठरा जण म्हणतील 2, बारा जण म्हणतील 12. सरासरी 6. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त एकक बदललं. कुटुंबांत मोजलं तर ते घर दहातलं एक. मुलांत मोजलं तर तीसपैकी बारा, म्हणजे 40 टक्के बालपणं त्या एकाच घरात गेली. खाऊ कोणाला मिळाला हा प्रश्न मुलांचा आहे, त्यामुळे एककही मूलच हवं. आराखड्यात ‘विश्लेषणाचं एकक: कुटुंब’ असं सवयीनं लिहिण्याआधी ही दहा आयांची बेरीज कागदावर एकदा करून बघा.

खाऊकडून सणाकडे जायचं तर डगरांचं उदाहरण थोडा वेळ बाजूला ठेवावं लागेल. त्यांच्या पंथात सणाला काय केलंच पाहिजे याचा लिखित नियम फारसा नाही, प्रत्येक घराचं आपलं चालतं. सणाचा खर्च जिथं धर्मशास्त्रानंच आखून दिलाय असा, आणि कुटुंबंही मोठी असा समाज म्हणजे हरेदी, अतिकर्मठ ज्यू. इस्रायलमधल्या हरेदी स्त्रियांना सरासरी सहा-सात मुलं असतात, आणि त्यांच्यावर अर्थशास्त्रात चांगलं काम झालंय.

आधी शास्त्र काय म्हणतं ते ऐका. तालमूदमध्ये एके ठिकाणी असं आहे की माणसाचं वर्षभराचं अन्न नववर्षाच्या दिवसांत ठरून जातं. अपवाद फक्त शब्बाथचा, सणांचा आणि मुलांच्या धर्मशिक्षणाचा खर्च. तिथं जास्त खर्च केला तर जास्त मिळतं. त्याच चर्चेत शम्माय या आचार्यांची गोष्ट येते. त्यांना आठवड्यात चांगलं जनावर दिसलं की ते शब्बाथसाठी राखून ठेवत, त्याहून चांगलं मिळालं की ते राखत आणि पहिलं खाऊन टाकत. रोजचं जेवण म्हणजे शब्बाथमधून उरलेलं. याच्या उलट टोकाला रब्बी अकिवा: शब्बाथ साध्या दिवसासारखा साजरा करा, पण लोकांपुढे हात पसरू नका. काटकसर आणि सण यांचा वाद त्या परंपरेत असा आधीपासून उघड मांडलेला आहे. आणि तिनं किमान पातळीही ठरवली आहे. पेसाखच्या रात्री चार प्याले वाइन गरिबातल्या गरिबालाही मिळाले पाहिजेत, भले धर्मादायातून का होईना. हनुकाच्या दिव्याला तेल नसेल तर अंगावरचं वस्त्र विकावं. पुरिमला एका माणसाला दोन खाद्यपदार्थ आणि दोन गरिबांना दान, एवढं केलं की कर्तव्य पुरं. पेसाखच्या आधी गरिबांना पिठासाठी पैसे वाटायची प्रथा तर सोळाव्या शतकातल्या धर्मसंहितेच्या टीकेत नोंदलेली आहे.

म्हणजे सर्व्हेच्या कोडिंगमध्ये ‘सण, समारंभ: इतर खर्च’ या रकान्यात आपण जे टाकतो, ते इथं चैन नाहीच. ते देणं आहे, मीटरच्या बिलासारखं, आणि न झेपलं तर समाज भरतो. हे फक्त तिकडचं नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी 2007 च्या लेखात उदयपूर जिल्ह्यातल्या अतिगरीब कुटुंबांचे आकडे दिलेत. तिथलं मध्यकातलं घर वर्षाच्या खर्चाच्या 10 टक्के सणांवर घालवत होतं. आकडा वाचून ‘उधळपट्टी’ म्हणणारे विद्यार्थी मी पाहिलेत. हा खर्च न करण्याची किंमत काय असते, हे आधी विचारायला हवं.

आता ज्या पेपरबद्दल मला खरं बोलायचंय तो. एली बर्मन, ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’, 2000. लॉरेन्स आयनाकोन यांनी 1992 मध्ये मांडलेली कल्पना बर्मन पुढे नेतात: कडक पंथ म्हणजे एक क्लब. आत आलेल्यांना भरपूर परस्पर मदत मिळते, म्हणून फुकटे आत येऊ नयेत यासाठी प्रवेशाला महागडा त्याग मागितला जातो. हरेदी समाजात हा त्याग म्हणजे पुरुषानं नोकरी न करता येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत, वर्षानुवर्षं शिकत राहणं. कमावत्या वयातले 60 टक्के पुरुष येशिवात, लोकसंख्या 17 वर्षांत दुप्पट, आणि सरकार या शिक्षणाला अनुदान देतं. बर्मन दाखवतात की त्यागावर अनुदान दिलं की त्यागाची पातळीच वाढते, कारण कमी त्यागानं आता निष्ठा सिद्ध होत नाही. युक्तिवाद देखणा आहे, आणि लष्करी सेवेतून सूट मिळण्याचं वय उलटल्यावरही हे पुरुष येशिवात का थांबतात, या कोड्याला तो चोख उत्तर देतो. धर्माचं अर्थशास्त्र शिकायचं तर हा पेपर टाळून चालणार नाही.

पण ‘त्याग’ या शब्दाचा कर्ता कोण आहे ते पेपरभर शोधा. वडील. प्रश्नच असा विचारलाय की गरिबीत असलेले बाप कामाऐवजी येशिवा का निवडतात. बापाचा वेळ हिशोबात येतो, कारण त्या वेळात तो बाजारात कमावू शकला असता. त्याला किंमत आहे. शब्बाथला तीन जेवणं लागतात. शुक्रवारी सूर्यास्तानंतर चूल पेटवायची नाही, म्हणून बारा जणांची तिन्ही जेवणं त्याआधी तयार हवीत. चोलंट, म्हणजे मांस, बीन्स आणि बटाट्याचा रस्सा, रात्रभर मंद आचेवर राहतो आणि बारा माणसांना एका भांड्यात पुरतो. काटकसरीचा उत्तम नमुना. पेसाखच्या आधी घरातून पावाचा कणन् कण काढायचा असतो, त्याची साफसफाई कित्येक दिवस चालते. ज्या घरात बाप येशिवात आहे आणि आई बऱ्याचदा नोकरीवर, तिथं शुक्रवारच्या दुपारी हे कोण करतं? चौदा वर्षांच्या मुलीचा वेळ बाजारात विकला जाणार नव्हता, म्हणून मॉडेलमध्ये त्याची किंमत शून्य. त्याग बापाच्या नावावर जमा होतो आणि त्याचा हप्ता अंशतः मुलीच्या खात्यातून जातो.

बर्मन यांचा प्रश्न वेगळा होता, त्यांनी घरकाम मोजायचं ठरवलंच नव्हतं, असा बचाव करता येईल. तो मला अर्धाच मान्य आहे. कारण पेपर शेवटी धोरण सुचवतो, लोकांना कामाकडे वळवणारी धोरणं कार्यक्षमता वाढवतील असं म्हणतो. धोरण सुचवायचं तर कामाचे तास कोणाचे वाढणार हे सांगायला नको का? आई नोकरीवर, बापही नोकरीवर गेला, आणि शब्बाथ शुक्रवारीच येणार असेल, तर उरलेली माणसं कोण?

इथून पुन्हा आर्कान्साकडे येऊ, कारण तिथं उरलेल्या माणसांपैकी एकीनं लिहिलंय. जिल या डगरांच्या मुलीचं ‘काउंटिंग द कॉस्ट’ हे आत्मकथन 2023 च्या सप्टेंबरात आलं, पतीबरोबर आणि एका व्यावसायिक लेखकाच्या मदतीनं. त्यात ती सांगते की मालिकेत दिसण्याबद्दल तिला वर्षानुवर्षं, अगदी सज्ञान झाल्यावरही, मोबदला मिळाला नव्हता. पैसे आले ते पुढे वडिलांशी झालेल्या वादानंतर. लग्नाच्या आदल्या दिवशी आपण एका करारावर तो नीट न बघताच सही केली, असंही ती लिहिते.

हे धरून मालिका पुन्हा बघा. मालिकेनं काटकसर म्हणून दाखवला साबण, जुने कपडे, कॅसरोल. घरातली सगळ्यात मोठी बचत मात्र पडद्यावर कधीच आली नाही, कारण तो पडदाच तिच्यावर उभा होता: मुलांचं विनामोबदला काम, धाकट्यांना सांभाळण्याचं आणि कॅमेऱ्यासमोर असण्याचं. ‘अधिकारक्षेत्र’ हा शब्द इथं किती चलाख आहे ते दिसतं. ज्यात नकार देण्याचा अधिकार नाही, अशा कामाला अधिकार म्हणायचं.

आता याच पुस्तकालाही तेवढंच कडक तपासायला हवं. ते नातं बिघडल्यानंतर लिहिलंय, तेही बाजारात विकलं जातं, आणि नऊ मुलींपैकी एकीचं म्हणणं आहे. तिची बहीण जिंजर हिचं पुस्तक त्याच वर्षी जानेवारीत आलं. ती कुटुंबाला बांधून ठेवणाऱ्या धर्मगुरूच्या शिकवणीवर टीका करते, आईवडिलांबद्दल मात्र बरीच मवाळ आहे. एकच घर, थोड्याच अंतराची वयं, दोन हकिकती. मला यात अडचण वाटत नाही, उलट हाच डेटा आहे. आईवडिलांच्या पुस्तकात ‘आम्ही’ हा एकच आवाज होता. मुलींच्या दोन पुस्तकांनी तो फोडला. कुटुंब नावाचं एकक आतून फुटलेलं दिसणं ही पुराव्याची सुधारणा आहे.

तर तुमच्या आराखड्याचं काय करायचं? मोठ्या धार्मिक कुटुंबांवर काम करायचं म्हणून इस्रायल-अमेरिका गाठायची गरज नाही. 2019 चा आपला राष्ट्रीय वेळ-वापर सर्व्हे सहा वर्षांवरच्या प्रत्येकाचा दिवस नोंदवतो, आणि त्याचा युनिट पातळीचा डेटा उपलब्ध आहे. घरगुती विनावेतन कामाला बायका दिवसाला 299 मिनिटं देतात आणि पुरुष 97, हे त्यातले गाजलेले आकडे. ही सरासरी फक्त जे ते काम करतात त्यांचीच आहे बरं का. करणाऱ्या बायका 81.2 टक्के, पुरुष 26.1 टक्के. सगळ्यांना धरून काढली तर 243 आणि 25 मिनिटं होतात. दरी आणखी रुंद. पण माझ्या मते यातला न उघडलेला रकाना वयाचा आहे. दहा ते सतरा वर्षांच्या मुलींची मिनिटं घराच्या आकारानुसार आणि घरात सहाखालची किती मुलं आहेत त्यानुसार मांडून बघा, मग त्याच वयाच्या मुलग्यांची. दरडोई खर्चाचं कोष्टक आराखड्यात घालणारच असाल तर त्याच्या शेजारी हे कोष्टक ठेवा.

खर्चाची प्रश्नावली स्वतः करणार असाल तर घरातल्या एकाच व्यक्तीला विचारून थांबू नका. मुलांना वेगळं विचारा. ‘तुझ्या घरी सणाला काय करतात?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, उत्तरात पदार्थांची यादी येते. ‘आदल्या दिवशी तू किती वाजता उठलीस, झोपलीस, आणि मधे काय काय केलंस?’ असं विचारा. खाऊबद्दल ‘मिळाला का?’ असं न विचारता ‘कोणी वाटला आणि तू कितव्या नंबरवर होतीस?’ असं विचारा.

आणि जुना डेटा उघडलात तर एक रकाना बघून ठेवा. आपला पहिला वेळ-वापर सर्व्हे 1998-99 मध्ये सहा राज्यांत झाला, महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात दिवसांचे तीन प्रकार होते: नेहमीचा, आठवड्यातला वेगळा, आणि असामान्य. घरी पाहुणे येणं, कोणी आजारी पडणं आणि सण, हे सगळं त्या तिसऱ्या प्रकारात जातं. विश्लेषण करताना बहुतेक जण नेहमीचा दिवस घेतात आणि पुढे जातात. तुम्ही सुरुवात त्या तिसऱ्यापासून करा.